वर्षातल्या किती रात्री अंधार चालेल?

सोलर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती किलोवॅटचं बसवू? शेजाऱ्याने एक किलोवॅटचं बसवलेलं असतं, मेव्हण्याने तीनचं, आणि तालुक्याच्या दुकानात ‘दोन पॅनेल, दोन बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर’ असं पॅकेज तयारच असतं. यातलं कुठलंही उत्तर चुकीचं असेलच असं नाही, पण ते तुमच्या घराचं उत्तर नाही. हे पुस्तक वेगळ्या प्रश्नापासून सुरू होतं. माझ्या मते या विषयात सर्वांत आधी विचारायला हवा असा तोच एक प्रश्न आहे: वर्षातल्या किती रात्री अंधार चालेल?

‘एकही नाही’ असं उत्तर पटकन तोंडावर येतं. त्या उत्तराची किंमत किती, आणि ‘पाच रात्री चालतील’ म्हटलं तर ती किती उतरते, हे एका साध्या एक्सेल शीटवर कुणालाही काढता येतं. ते कसं काढायचं, हाच या पुस्तकाचा विषय.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेमुळे गच्चीवरचं सोलर आता घराघरांत बोलण्यातलं झालं आहे. ते महावितरणच्या तारेला जोडलेलं असतं. दिवसा जास्तीची वीज तारेत सोडायची, रात्री तारेतून घ्यायची. तिथे तार हीच साठवण असते, त्यामुळे हिशेब थोडा चुकला तर बिलात फरक पडतो, इतकंच. मात्र बाहेरची वीज गेली की असा साधा संच स्वतःहून बंद पडतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून आलेल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, हजारो खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतल्या कितीतरी वाड्या कित्येक दिवस अंधारात राहिल्या. छपरावर पॅनेल असून घरात दिवा नाही, याचं कारण अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

या पुस्तकातलं सोलर तारेवाचूनचं आहे: सड्यावरचं एकटं घर, आंब्याच्या बागेतली राखणीची खोपी, सातपुड्यातल्या पाड्यावरची शाळा, खांब पोचायला लाखांत खर्च येईल अशी शेतावरची वस्ती. इथे कमी पडलेली वीज मागायला कुणी नसतं. दिवसा आलं तेवढं ऊन, बॅटरीत मावली तेवढी वीज, संपला विषय. म्हणून इथला हिशेब आधीच करावा लागतो, आणि तो घरात राहणाऱ्यानेच करायचा असतो.

तो एक्सेलवरच का, याचं उत्तर स्प्रेडशीटच्या जन्मातच आहे. डॅन ब्रिकलिन हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना फळ्यावर मांडलेल्या कोष्टकात एक आकडा बदलला की त्याखालचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. यातून त्याला कल्पना सुचली आणि बॉब फ्रँकस्टनच्या साथीने १९७९ मध्ये व्हिजीकॅल्क बाजारात आलं. सोलरच्या हिशेबाला नेमकी हीच सोय हवी असते. पंखा बदलला तर काय, फ्रिज बंद ठेवला तर काय, तिसरं पॅनेल घेतलं तर काय: उत्तर एकदाच काढायचं नसतं, पुन्हा पुन्हा बदलून बघायचं असतं. वहीवर एवढा धीर कुणाला राहत नाही. आणि विक्रेत्याच्या मोबाइलमधलं ॲप उत्तर देतं, पण कशाला कशाने गुणलं ते दाखवत नाही. शीटमध्ये प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून ‘हा आकडा आला कुठून?’ असं विचारता येतं.

उदाहरणासाठी राजापूरकडच्या एखाद्या सड्यावरचं चार माणसांचं घर धरू. नऊ वॅटचे सहा एलईडी दिवे रोज चार तास, म्हणजे २१६ वॅट-तास. तीस वॅटचे दोन बीएलडीसी पंखे आठ तास, ४८० वॅट-तास. टीव्ही १३५. छोटा फ्रिज दिवसाला ६००; हा आकडा त्याच्या स्टार लेबलवरच्या वार्षिक युनिटांना ३६५ ने भागून मिळतो. राउटर दहा वॅटचा, पण चोवीस तास चालू, म्हणून २४०. मोबाइल ६०. मिक्सर पाचशे वॅटचा असला तरी दिवसाला दहाच मिनिटं, म्हणून फक्त ८३. विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा पंप अर्धा तास, २७५. बेरीज २,०८९, म्हणजे दोन युनिटांच्या थोडं वर.

एवढ्यातच दोन गोष्टी लक्षात येतात. मिक्सर आवाज करतो आणि बिचारा राउटर कोपऱ्यात गप्प बसतो, पण वीज राउटर तिप्पट खातो. दुसरी गोष्ट पंख्यांची. जुने पंच्याहत्तर वॅटचे पंखे तसेच ठेवले तर ४८० च्या जागी १,२०० येतात. जास्तीच्या ७२० वॅट-तासांसाठी पॅनेल आणि बॅटरी वाढवण्यापेक्षा पंखे बदलणं फार स्वस्त पडतं. तारेवाचूनच्या घरात पहिला खर्च पॅनेलवर न करता घरातल्या उपकरणांवर करायचा असतो, हे या पुस्तकाने पहिल्याच प्रकरणात ठासून सांगितलं आहे. मला ते मनापासून पटतं.

मग येतो इन्व्हर्टर. बॅटरीतली डीसी वीज एसी करताना दहा-बारा टक्के त्यातच जाते, म्हणून २,०८९ ला ०.८८ ने भागायचं: २,३७४. आणि घरात काहीही चालू नसलं तरी इन्व्हर्टर जागा राहण्यासाठी स्वतः वीज खातो. तो वीस वॅट खातो असं धरलं तर चोवीस तासांचे ४८० होतात, म्हणजे दोन पंखे आठ तास फिरतील एवढी वीज. जाहिरातीत हा आकडा नसतो, माहितीपत्रकातही शोधावा लागतो. पण शीटमध्ये त्याला स्वतःची ओळ हवीच. आता रोजची खरी गरज २,८५४ वॅट-तास, म्हणजे पावणेतीन युनिटांच्या थोडं पुढे.

ही गरज उन्हातून भागवायची. ऊन मोजण्याची रीत अशी: चौरस मीटरवर एक किलोवॅट एवढं भरपूर ऊन किती तास पडलं असतं तर दिवसभराची एकूण बेरीज तेवढी झाली असती? त्याला ‘पीक सन अवर्स’ म्हणतात. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी साधारण पाचच्या वर येते, आणि सगळी फसगत याच सरासरीत आहे. कोकणात एप्रिल-मे महिन्यांत हा आकडा साडेसहाच्या आसपास जातो, जुलै-ऑगस्टमध्ये साडेतीनपर्यंत किंवा त्याखाली उतरतो. आपल्या सड्यासाठी जुलैला ३.२ धरू. उष्णता, धूळ, तारा, बॅटरीत घालणं-काढणं या सगळ्या गळतीनंतर सत्तर टक्के हाती येतात असं मानू. मग एप्रिलच्या उन्हावर ६२७ वॅटची पॅनेलं पुरतात. ५.२ या वार्षिक सरासरीवर ७८४ लागतात. जुलैवर १,२७४. बाजारात सर्रास मिळणारी ५४० वॅटची पॅनेलं घेतली तर सरासरी सांगते दोन, आणि जुलै सांगतो तीन. सरासरीवर विश्वास ठेवून दोन बसवणाऱ्याला गणपतीपर्यंत रोज थोडी थोडी वीज कमी पडत राहते, आणि दोष मात्र बॅटरीला मिळतो.

उन्हाचे हे आकडे आपल्याला फुकट मिळतात, म्हणून त्यांच्यामागचे कष्ट विसरू नयेत. अ‍ॅना मणी १९४८ मध्ये पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. तोपर्यंत आपल्याकडे साधी हवामानाची उपकरणंही बरीचशी परदेशातून येत. ती इथे बनवायची, एकमेकांशी ताडून अचूक करायची, आणि मगच त्यांच्या नोंदींवर विसंबायचं, असा त्यांचा आग्रह होता. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. १९८० मध्ये त्यांचं भारतातल्या सौर प्रारणाच्या आकड्यांचं हस्तपुस्तक आलं, तेव्हा सोलर पॅनेल हा सामान्य माणसाच्या आवाक्यातला विषयच नव्हता. आज नासाच्या ‘पॉवर’ या संग्रहात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घातले की सुमारे चार दशकांच्या रोजच्या उन्हाचे आकडे थेट शीटमध्ये उतरतात. उपग्रहावरून काढलेला अंदाज किती खरा, हे तपासायला जमिनीवर प्रामाणिकपणे मोजलेले आकडे लागतात. ते मोजण्याची शिस्त या देशाला लावणाऱ्यांमध्ये अ‍ॅना मणी अग्रभागी होत्या. पुण्यात इतकी वर्षं काम केलेल्या या बाईंचं नाव आपल्या शाळांमध्ये अजून पुरेसं पोचलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता जुलैकडे परत. तिसरं पॅनेल घ्यायचंच का? इथे शीट खऱ्या अर्थाने बोलायला लागते. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रिज बंद ठेवला, तर त्याच्या ओळीत शून्य टाका. गरज २,८५४ वरून २,१७२ वर येते, पॅनेलं ९७० वॅटची लागतात, आणि दोन पॅनेलांचे १,०८० वॅट पुरतात. शिवाय पावसात पंखा कमी लागतो आणि विहीर काठोकाठ असते. म्हणून पुस्तकातल्या शीटमध्ये विजेच्या वापराला एक रकाना नाही, बारा महिन्यांचे बारा आहेत. कोकणातलं घर पावसाळ्यासाठी आगोटीलाच भरून ठेवलेलं असतं. सुकी मासळी, कुळीथ, लोणची, कांदे यांतल्या कशालाच फ्रिज लागत नाही. दोन महिने फ्रिज बंद ठेवणं एखाद्या घरात सहज जमेल. दुसऱ्या घरात आजोबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असेल, तिथे ते मुळीच चालणार नाही आणि तिसरं पॅनेल घ्यावंच लागेल. दोन्ही निर्णय बरोबर आहेत. पण तो कुणी घ्यायचा? दुकानदाराला घरात इन्सुलिन आहे हे माहीत नसतं.

बॅटरीचा विषय सर्वांत नाजूक, आणि सर्वांत जास्त पैसे तिथेच बुडतात. चांगलं पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं. तेवढ्या काळात लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा संच चार-पाच वेळा बदलावा लागू शकतो, आणि तो वापरता येतो निम्माच, कारण वारंवार पार खाली उतरवला तर त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. एक दिवस ढगाळ गेला तरी घर चालावं असं धरलं, तर २,८५४ भागिले ०.५, म्हणजे ५,७०८ वॅट-तास. चोवीस व्होल्टवर हे २३८ ॲम्पियर-तास होतात, म्हणजे दीडशे एएचच्या चार बॅटऱ्या. इथेही लेबल नीट वाचावं लागतं. ‘१५० एएच’ हा आकडा वीस तासांत सावकाश उतरवून मोजलेला की दहा तासांत, हे सी-२० आणि सी-१० या खुणांवरून कळतं. घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर बहुधा सी-२० असतं, सोलरच्या म्हणून विकल्या जाणाऱ्यांवर सी-१०. छापलेला आकडा एकच असला तरी माल एकसारखा नसतो.

पावसाळ्याच्या भीतीने पुष्कळजण बॅटऱ्या दुप्पट करतात. आठ बॅटऱ्या म्हणजे चोवीस व्होल्टवर ६०० ॲम्पियर-तास. लेड-ॲसिडला नीट भरायला तिच्या क्षमतेच्या साधारण दहा टक्के करंट लागतो, म्हणजे इथे साठ ॲम्पियर. आपली दोन पॅनेलं भर उन्हातही चाळीसच्या आसपास देतात, जुलैत कितीतरी कमी. अर्धवट भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि ती कायमची दुबळी होते. घरात दुभती म्हैस आणून चारा मात्र निम्माच घालावा, तसं हे होतं. बॅटरी वाढवायची तर पॅनेलही वाढायला हवं. लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते, अर्धवट भरली तरी तिला इजा होत नाही आणि डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत नाही. दोन दिवसांच्या साठ्याला ती ७,१३५ वॅट-तासांची पुरते, तर लेड-ॲसिड ११,४१६ ची लागते. सुरुवातीची किंमत जास्त असते, पण शीटमध्ये पंचवीस वर्षांचा रकाना आखला की आज स्वस्त वाटणारी बॅटरी बहुतेक घरांत महाग ठरते. हे माझं मत आहे. वाचकाने आपल्या तालुक्यातले भाव घालून ते तपासावं.

तारांचं प्रकरण वाचक चाळून पुढे जातील अशी मला भीती आहे, म्हणून त्यातला एकच हिशेब इथे देतो. बारा व्होल्टवर वीस ॲम्पियर, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, अंतर दहा मीटर. जाऊन-येऊन वीस मीटरच्या वायरीत १.७५ व्होल्ट पडतात, म्हणजे बारातले साडेचौदा टक्के नुसती वायर तापवण्यात गेले. तेवढेच वॅट अठ्ठेचाळीस व्होल्टवर न्यायचे तर करंट फक्त पाच ॲम्पियर, घट ०.४४ व्होल्ट, एक टक्काही नाही. म्हणून घर थोडं मोठं झालं की बारा व्होल्ट सोडायचे.

थंडीचं गणित बऱ्याच कारागिरांनाही माहीत नसतं. पॅनेल तापलं की वीज कमी देतं, हे चंद्रपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. सेल ६५ अंशांवर गेला तर दर अंशाला ०.३५ टक्के या हिशेबाने चौदा टक्के वीज जाते. गारठ्यात उलटं होतं, व्होल्टेज चढतं. समजा, पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज ४९.५ आहे आणि पॅनेल व बॅटरी यांच्यामध्ये बसणारा चार्ज कंट्रोलर १५० व्होल्टचा. तीन पॅनेलं एका माळेत जोडली की १४८.५ होतात. बसतंय असं वाटतं. पण लेबलवरचा आकडा २५ अंशांचा असतो. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाचपर्यंत सहज उतरतो. वीस अंशांच्या फरकाने व्होल्टेज पाच टक्क्यांहून थोडं जास्त वाढतं, माळ १५६ च्या वर जाते आणि सकाळच्या पहिल्या उन्हात कंट्रोलर जळतो. शीटमध्ये यासाठी एकच चौकट लागते: गावाचं सर्वांत कमी तापमान.

पॅनेलच्या तोंडाबद्दल थोडक्यात. दक्षिणेकडे, गावाच्या अक्षांशाएवढा किंवा थोडा कमी उतार. जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो, त्यामुळे पावसाळ्याच्या हिशेबात जास्त उतार उपयोगाचा नाही. धूळ वाहून जाईल एवढा मात्र ठेवायचाच.

या पुस्तकाचा गाभा मला सहाव्या प्रकरणात दिसतो. तिथे शीटला बारा ओळींऐवजी ३६५ ओळी आहेत. प्रत्येक ओळ म्हणजे एक दिवस. कालची शिल्लक, त्यात आजच्या उन्हाची वीज मिळवायची, आजचा वापर वजा करायचा; बेरीज बॅटरीच्या क्षमतेवर गेली तर ‘मिन’ फंक्शनने तिथेच थांबवायची, आणि ठरलेल्या पातळीच्या खाली गेली तर त्या ओळीत ‘अंधार’ लिहायचं. शेवटी अंधाराच्या ओळी मोजायच्या. बस्स. सूत्र एकच, खाली ओढत न्यायचं. पण त्यातून मिळतं ते कुठलीही सरासरी देऊ शकत नाही: पाऊस सलग सहा दिवस लागून राहिला की काय होतं ते दिसतं. दोन पॅनेलं आणि चार बॅटऱ्यांवर समजा अशा एकोणीस रात्री निघाल्या, तिसरं पॅनेल घालून चार, आणि त्या चार शून्यावर आणायला बॅटरीचा खर्च दुप्पट, तर घरातली माणसं एकत्र बसून ठरवू शकतात. चार रात्री कंदील चालेल का? एक छोटा जनरेटर भाड्याने आणावा का? की त्या आठवड्यात टीव्ही आणि पंप बंद ठेवावेत? किलोवॅट हा शब्द ज्या आजीला कधी कळला नाही, तिला ‘चार रात्री’ लगेच कळतात. ज्या विषयात घराचे लाखभर रुपये जाणार आहेत, तो घरातल्या प्रत्येकाला कळेल अशा आकड्यात मांडता यावा, यासाठीच मला या शीटचं एवढं मोल वाटतं.

शीटला न कळणाऱ्या गोष्टीही आहेत. फणसाची फांदी दरवर्षी वाढते, आणि पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली तिची सावली क्षेत्रफळाच्या मानाने कितीतरी जास्त वीज खाते. पावसाळ्यात काचेच्या कडेला शेवाळ धरतं. उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ बसते. सड्यावर वीज पडते, तिच्यासाठी अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्शन वेगळं करावं लागतं. फ्रिज आणि पंप सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतात. तो इन्व्हर्टरला झेपला पाहिजे, आणि त्यासाठी युनिटांची नाही, त्या क्षणाच्या वॅटची बेरीज लागते. पुस्तकात या प्रत्येकाची तपासयादी आहे. शेतीपंपाचा विषय मात्र मुद्दाम वगळला आहे, आणि ते योग्यच आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतला पंप ऊन असेल तेव्हा पाणी उपसतो. तिथली साठवण म्हणजे टाकी किंवा शेततळं, बॅटरी नाही. त्याचं गणितच वेगळं.

पुस्तक वाचण्याआधी शीट उघडावी अशी माझी सूचना आहे. पिवळ्या चौकटी तेवढ्या भरायच्या, बाकीच्या आपोआप बदलतात. सूत्रांत आकडे कोंबलेले नाहीत, सगळी गृहीतकं पहिल्या पानावर आहेत, गळतीनंतरचा ०.७ पटत नसेल तर ०.६५ घालून बघा. पहिलं पान भरायला मात्र एकट्याने बसू नका. मिक्सर किती वेळा लागतो, पाणी कधी चढवतात, मुलगी रात्री किती वाजेपर्यंत अभ्यास करते, कुठला दिवा कधीच बंद होत नाही, हे घरातल्या ज्या बाईला पाठ असतं तिच्या हातात माऊस द्या. आणि सॉकेटमध्ये लावायचा साधा वीजमापक मिळाला तर फ्रिज आणि टीव्ही त्यावर आठवडाभर लावून ठेवा, मग त्यांच्या ओळींतला अंदाज खोडून मोजलेला आकडा घाला.